आम्ही फोडलेली वाट

आम्ही थांबलो की ते थांबायचे. आम्ही चालायला लागलो की जरा वेळाने तेही उठायचे.

हे पहिल्यांदा हसीनाच्या लक्षात आलं. ती काठीवर रेलून खाली बघत होती. म्हणाली, "जयमाला, ते दमलेले नाहीत गं. ते आपल्यासाठी थांबलेत."

मी वळून पाहिलं. खालच्या उतारावर नारिंगी जाकिटं घातलेले पुरुष एका ओळीत बसले होते. एकजण संत्रं सोलत होता आणि सालं बर्फावर टाकत होता. त्यांच्यापासून आमच्यापर्यंत उतारावर एक खोल चर गेलेली दिसत होती. सकाळपासून आम्ही मांडीपर्यंतच्या बर्फातून चालत आलो होतो, त्याची ती चर. ते तिच्यातून आले होते, आणि पुढची चर आम्ही पाडेपर्यंत संत्री खात बसले होते.

ज्यांनी खोल बर्फ पाहिलेला नाही त्यांना हे सांगावं लागतं. ताज्या, भुसभुशीत बर्फात चालणं म्हणजे चालणं नसतंच. गुडघा छातीशी आणायचा, समोरचा बर्फ त्या गुडघ्याने दाबायचा, मग पाऊल टाकायचं. ते पुन्हा मांडीपर्यंत आत जातं. मग दुसरा गुडघा. पुढे असणाऱ्याचा दम लगेच तुटतो. तो बाजूला होतो, दुसरा पुढे येतो. मागच्यांना मात्र पायऱ्या मिळतात. मागून येणारा शिट्टी वाजवत येऊ शकतो.

आम्ही सहाजणी कोल्हापूरच्या. पाच कॉलेजच्या मुली आणि आमच्या शारीरिक शिक्षणाच्या तासगावकर बाई. बाई चाळिशीला आलेल्या, बुटक्या, आवाज मात्र मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा. हिमाचलातली चंदेर जोत हिवाळ्यात कुणी गाठलेली नाही असं त्यांना कुठूनतरी कळलं होतं. तिकडे खिंडीला जोत म्हणतात. उन्हाळ्यात मेंढपाळ तिच्यावरून ये-जा करतात, बर्फ पडला की ती बंद. बाईंनी त्यासाठी वर्षभर आम्हाला पन्हाळ्याच्या चढावर पाठीवर वाळूची पोती देऊन पळवलं. आमच्या गरम पँटी त्यांनी महाद्वार रोडच्या एका शिंप्याकडून घोंगडीच्या कापडाच्या शिवून घेतल्या. त्याने आयुष्यात बाईमाणसाच्या पँटीचं माप घेतलेलं नव्हतं. त्याने ते साडीवरून घेतलं, त्यामुळे प्रत्येक पँटीत आमच्यातल्या दोघी मावल्या असत्या. बाई म्हणाल्या, चांगलं आहे, आतून आणखी एक घालता येईल.

आणि आम्ही खालच्या गावात पोचलो तर तिथे पुण्याच्या एका क्लबची मोहीम आधीच येऊन बसलेली. त्यांचे तंबू नवे, बूट परदेशी, सोबत कॅमेरे, आणि मागे एक वर्तमानपत्र. त्यांचे पुढारी भास्कर रानवडे. उंच, देखणे, बोलायला गोड. चंदेर जोत त्यांनाही हिवाळ्यात पहिल्यांदा गाठायची होती. गावात दोन-तीन दिवस बर्फ पडत राहिला. तो थांबला त्या सकाळी आम्ही निघालो. ते निघाले नाहीत. त्यांनी आम्हाला पुढे जाऊ दिलं. आम्हाला वाटलं, त्यांची तयारी झाली नसेल.

हसीना बोलली तेव्हा बाईंनीही खाली पाहिलं. त्यांनी पाठपिशवी उतरवली आणि एकट्याच त्या चरीतून रानवड्यांकडे गेल्या. आम्ही वरून बघत होतो. बाई हातवारे करत होत्या, रानवडे हसत होते. परत आल्यावर बाईंनी सांगितलं ते असं. त्या म्हणाल्या होत्या की उतार एकच आहे, वाटही एकच, मग पाळीपाळीने फोडू, दोन्ही पथकं बरोबरच वर पोचतील. रानवडे म्हणाले, छे, बाईमाणसांच्या पुढे आम्ही कसे जाणार, तुम्हीच व्हा पुढे.

बाई हे सांगताना हसल्या नाहीत. त्यांनी पाठपिशवी पुन्हा चढवली. आमच्याबरोबर तेजराम नावाचा एक मेंढपाळ होता, वाट दाखवायला. तो म्हणाला, मी पुढे होतो. बाई म्हणाल्या, वाट तुझी, पण फोडायची आम्ही.

मग आम्ही गेलो. दुपारपर्यंत मला माझे पाय माझे वाटेनासे झाले. शकू चौगुलेला ओकारी झाली, तिने तोंड बर्फाने पुसलं आणि पुन्हा ओळीत उभी राहिली. हसीनाची पाळी आली की ती तोंडाने शिव्या मोजायची, एका गुडघ्याला एक, आणि त्या सगळ्या नारिंगी जाकिटांना असायच्या. शेवटची पाळी बाईंची होती. बर्फ त्यांच्या कंबरेला लागत होता. त्या दोन्ही हातांनी तो बाजूला सारत पोहल्यासारख्या पुढे सरकत होत्या. आणि एकाएकी त्यांच्या पुढे उतार नव्हता, आकाश होतं.

वर दगडांचा एक ढीग होता, त्यात मेंढपाळांनी रोवलेली एक काठी. अर्ध्याच्या वर ती बर्फात होती. बाईंनी आपला रुमाल तिला बांधला. आमच्याकडे कॅमेरा नव्हता. आम्ही सहाजणी नुसत्याच एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो, आणि शकू रडायला लागली. पलीकडच्या बाजूने ढग वर येत होते, म्हणून बाईंनी फार वेळ थांबू दिलं नाही.

उतरताना आम्ही आमच्याच चरीतून येत होतो. जोतीच्या थोडं खाली ते भेटले. ताजेतवाने, ओठांना मलम लावलेले, सगळ्यांत पुढे रानवडे. मी उतरणाऱ्यांत पुढे होते. चर एकाच माणसापुरती होती.

"जरा बाजूला व्हा," ते म्हणाले.

मी बाजूला झाले. चरीच्या बाहेर मी पाय टाकला तो बर्फात गाडलेल्या दोन धोंड्यांच्या फटीत गेला. पाय तिथेच अडकला आणि मी उताराच्या दिशेने पडले. वाळकं लाकूड मोडल्यासारखा आवाज आला. तो माझ्याच नडगीचा आहे हे कळायला मला क्षणभर लागलं.

नंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. तेजराम हाताने बर्फ उपसतोय, हसीना माझं डोकं मांडीवर धरून माझ्या कानात काहीबाही बोलतेय. आकाश खाली आलेलं, पहिली भुरभुर सुरू झालेली. बाईंनी माझा पाय पाहिला, मग आमच्या मुलींकडे पाहिलं. एकीच्याही पायात मला उचलून नेण्याएवढं बळ उरलेलं नव्हतं. मग बाई उठून रानवड्यांकडे गेल्या. ते दोघं थोड्या अंतरावर बोलत उभे राहिले. वाऱ्यामुळे ऐकू येत नव्हतं. बराच वेळ बोलले असं मला वाटलं, पण दुखत असताना सगळंच बराच वेळ वाटतं. बाईंनी एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी मान हलवली.

परत येऊन त्या म्हणाल्या, "हे लोक तुला नेतायत. तू फक्त शुद्धीवर राहा."

रानवडे दोघांना घेऊन वर गेले. बाकीच्यांनी काठ्या आणि दोर बांधून झोळी केली आणि मला उचललं. ते घसरले, पडले, पण मला त्यांनी खाली ठेवलं नाही. त्यांच्यात विद्याधर कोपर्डे नावाचा एक जाड चष्म्याचा मुलगा होता. तो सारखा मला माझ्या घरातल्यांची नावं विचारत राहिला, मी झोपू नये म्हणून. हवा पूर्ण फिरायच्या आत आम्ही गावात होतो. त्यांच्यामुळे माझा पाय वाचला, कदाचित मीही. हे मी कधी नाकारलेलं नाही. रानवडे मला दवाखान्यात बघायला आले, सफरचंदं घेऊन. मी त्यांचे हात धरून आभार मानले.

आणि मग पेपर आला.

पहिल्या पानावर फोटो होता. चंदेर जोतीवर रानवडे आणि त्यांचे दोघे, मधे झेंडा. मेंढपाळांची काठी फोटोत होती. तिच्यावर बाईंचा रुमाल नव्हता. खाली लिहिलं होतं की हिवाळ्यात ही जोत प्रथमच सर झाली, आणि परतताना या धाडसी तरुणांनी वाटेत अडकून पडलेल्या कोल्हापूरच्या महिला पथकाची सुटका केली.

अडकून पडलेल्या. मी तो शब्द किती वेळा वाचला असेन. प्लास्टरमधला पाय उशीवर, हातात पेपर, आणि आई कौतुकाने म्हणतेय की देवासारखे धावून आले ते लोक.

मी हसीनाला बोलावून घेतलं. ती माझ्याआधीच पेटली होती. आम्ही बाईंकडे निरोप धाडला की पेपरला पत्र लिहा, आम्ही सगळ्याजणी सह्या करतो. बाई स्वतः आल्या. माझ्या पलंगाशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, आपण वर पोचलो हे आपल्याला ठाऊक आहे ना, मग बास. हसीनाने विचारलं, बास कसं? बाई म्हणाल्या, मी सांगते म्हणून. एवढं बोलून त्या गेल्या.

पुढच्या महिन्यात कोल्हापुरातच रानवड्यांचा सत्कार झाला. सुटका झालेलं पथक आमच्या कॉलेजचं, म्हणून प्राचार्यांनीच तो ठेवला. बाईंना व्यासपीठावर बसवलं होतं, आभार मानायला. मी कुबड्या घेऊन गेले. रानवड्यांनी छान भाषण केलं. कंबरेएवढ्या बर्फातून वाट कशी काढली ते त्यांनी हाताने दाखवलं. दोन्ही हातांनी बर्फ बाजूला सारायचा, पोहल्यासारखं. ते त्यांनी पाहिलं होतं, खालून, संत्रं खात.

मी उठले. म्हटलं, मला एक विचारायचं आहे, ही वाट फोडत पुढे कोण होतं?

रानवड्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी बाईंकडे पाहिलं.

बाई म्हणाल्या, "जयमाला, खाली बस."

मी बसले. मग त्यांनी उठून आभार मानले, माझ्या विद्यार्थिनीचा जीव वाचवला म्हणून. टाळ्या झाल्या.

त्यानंतर कुणालाही काही सांगायची सोय राहिली नाही. मी सांगायची, आम्ही आधी पोचलो होतो. लोक म्हणायचे, तुमच्या बाई तर तसं म्हणत नाहीत. तेजरामला कुणी विचारलं नाही, तो हजार मैलांवर त्याच्या मेंढ्यांमागे. कॉलेजने ठरवलं की मुलींना पुन्हा बर्फात पाठवायचं नाही, एकदा सोडवून आणावं लागलं तेवढं पुरे. बाईंनी अर्ज केले, ते परत आले. त्यांनी निवृत्त होईपर्यंत मुलींना खो-खो शिकवला. माझ्यानंतरच्या कितीतरी मुली बर्फ न बघताच कॉलेजातून बाहेर पडल्या.

मी बाईंशी बोलणं सोडलं. मला वाटलं, नोकरीला घाबरल्या. ज्या बाईने आम्हाला पन्हाळ्यावर पळवलं, जी कंबरेएवढ्या बर्फात पुढे झाली, ती एका गोडबोल्या माणसासमोर मान खाली घालते, याची मला चीड यायची. रानवड्यांपेक्षा जास्त चीड मला बाईंची होती. रस्त्यात दिसल्या तर मी पलीकडच्या बाजूला व्हायची.

अशी वर्षं गेली. मी शाळेत शिक्षिका झाले, लग्न झालं, मुलं मोठी झाली, निवृत्त झाले. थंडीत पाय मात्र दुखतच राहिला. आणि एक दिवस दारात एक पांढऱ्या केसांचे, जाड चष्म्याचे गृहस्थ उभे. ओळख सांगितली तेव्हा कळलं, विद्याधर कोपर्डे. मुलीकडे कोल्हापुरात आले होते. मी त्यांना चहा केला. त्यांनीच विषय काढला. चंदेर जोतीच्या मोहिमेला इतकी वर्षं झाली म्हणून क्लब पुण्यात मोठा समारंभ करतोय, रानवड्यांना मानपत्र देतायत. ते स्वतः जाणार नव्हते.

मी म्हटलं, का?

ते म्हणाले, "कोणत्या तोंडाने जाणार? मी तिथे उभा होतो. बाईंनी तुम्हाला सांगितलं असेलच ना सगळं."

मी म्हटलं, काय सांगितलं असेल?

त्यांनी कप खाली ठेवला. मला काहीच ठाऊक नाही हे त्यांच्या लक्षात आलं, पण आता मागे फिरणं शक्य नव्हतं. त्यांनी सांगितलं. बाईंनी रानवड्यांकडे माणसं मागितली. रानवडे म्हणाले, जरूर देतो, पण आम्ही आधी वर जाऊन येतो सगळे. बाई म्हणाल्या, तेवढा वेळ नाही, हवा बघा. रानवडे म्हणाले, माझी माणसं आत्ता खाली गेली तर माझ्या मोहिमेला काय उरलं? पहिल्या तर तुम्ही होऊन बसलात. पेपरला काय तोंड दाखवू? मग रानवडे म्हणाले, "मुलीला माझी माणसं नेतात. फक्त तुम्ही वर पोचला नव्हतात."

बाईंना पहिल्यांदा कळलंच नाही. रानवड्यांनी पुन्हा सांगितलं. तेव्हा बाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि हो म्हणाल्या. रानवड्यांना तेवढं पुरलं नाही. ते म्हणाले, शब्द द्या, तुमच्या मुलींच्या वतीनेही. बाई म्हणाल्या, "मुलींना मी गप्प ठेवीन. माझा शब्द. आता उचला तिला."

कोपर्डे गेल्यावर मी ओटा धुतला, भांडी घासली, जी आधीच घासलेली होती. आम्ही सकाळपासून वाट फोडून आमचे पाय संपवले होते, आणि त्याच वाटेने वर येऊन त्यांचे पाय ताजे राहिले होते. आमच्याच ताकदीचा तो माणूस सौदा करत होता. आणि मी त्याचे हात धरून आभार मानले होते.

संध्याकाळी मी बाईंकडे गेले. राजारामपुरीत एका खोलीत त्या एकट्या राहायच्या. ऐंशी ओलांडलेल्या, पण पाठ ताठ. लसूण सोलत बसल्या होत्या. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं असेल तर त्यांनी दाखवलं नाही. मी उभ्याउभ्याच म्हटलं, कोपर्डे आले होते.

बाईंनी पाकळी खाली ठेवली. म्हणाल्या, बस.

"मला का नाही सांगितलंत? मी रांगत खाली आले असते."

"माहीत होतं मला," बाई म्हणाल्या. "म्हणून नाही सांगितलं."

"आणि नंतर? दवाखान्यात? सभागृहात?"

"सभागृहात तू कुबड्यांवर होतीस. पाय जुळला नव्हता तुझा. तेव्हा सांगितलं असतं तर जन्मभर तुला वाटत राहिलं असतं, माझ्या पायापायी सगळ्यांचं गेलं. हसीनाला, शकूला कधीतरी वाटलंच असतं. त्यापेक्षा तुम्ही सगळ्या माझ्यावर रागावलात ते बरं झालं."

मी तिथेच खाली बसले आणि त्यांच्यापुढचा लसूण सोलायला घेतला. थोड्या वेळाने म्हटलं, तुम्हाला कधी वाईट नाही वाटलं?

"वाईट नाही वाटत. तू समोर चालत येतेस, वाईट कसलं वाटायचं? राग येतो. अजून येतो. दूध तापवताना आठवलं की दूध उतू जातं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "त्या माणसाला तुला नुसतं उचलायचं होतं, जयमाला. कुणीही उचललं असतं. त्याने त्याची किंमत सांगितली."

मी म्हटलं, असल्या माणसाला दिलेला शब्द कशाला पाळला एवढी वर्षं?

बाई म्हणाल्या, त्याच्या माणसांनी त्यांचा भाग पाळला होता. तुला त्यांनी खाली ठेवलं नाही.

मी सांगितलं की रविवारी पुण्यात त्याला मानपत्र देणार आहेत. हे त्यांना माहीत नव्हतं. मी विचारलं, मग ते असंच होऊ द्यायचं का?

बाईंनी सोललेला लसूण वाटीत ओतला. मग म्हणाल्या, "शब्द मी दिला होता. तू कुठे दिला होतास?"

रविवारी मी आणि हसीना पुण्याला गेलो. शकू येऊ शकली नाही, तिने फोनवर सगळं ऐकलं आणि फोन ठेवून दिला. मानपत्र वाचून झाल्यावर मी पुढे गेले आणि माइक मागितला. एक पोरसवदा संयोजक मला अडवत होता, हसीनाने त्याला बाजूला केलं. मी सगळं सांगितलं, इथे सांगितलं तसंच. काही लोक उठून गेले. काहींनी मोबाइल पुढे केले. रानवडे शाल पांघरून खुर्चीत बसले होते. ते खोटं आहे असं म्हणाले नाहीत, खरं आहे असंही म्हणाले नाहीत. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मानपत्राचा फोटो आला. माझ्या बोलण्याची एक ओळ आली नाही.

म्हणून पुन्हा सांगते. चंदेर जोतीवर हिवाळ्यात पहिल्यांदा पोचलो त्या आम्ही. कोल्हापूरच्या सहा बायका. आणि वाट फोडत सगळ्यांत पुढे होत्या त्या इंदुमती तासगावकर.